भाजीपाल्यात मधमाश्या-फुलपाखरं यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावावीत?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "घरचे म्हणतात फुलांनी भाजीची जागा अडते." हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचं शेत जुन्नर तालुक्यात. मुख्य पीक टोमॅटो, शिवाय कारल्याचा मांडव. एका उन्हाळ्यात कारल्याला फूल भरपूर, पण फळच धरेना. मादी फुलामागचं पेराएवढं कारलं पिवळं पडायचं आणि गळायचं. थोरले दीर म्हणाले, फळमाशी. मी गळलेली कारली त्यांच्यासमोर उभी चिरली. आत अळी नाही, वर डंख नाही. मग दुकानदाराने सेटिंगचं, म्हणजे फळ धरायचं टॉनिक दिलं. तेही मारून झालं, गळ तशीच.

मांडवात मधमाशीच दिसत नव्हती. कारल्याचं फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत त्याचं काम संपतं, आणि आमच्याकडे औषध मारायचे ते नेमकं सकाळी नऊला, उमललेल्या फुलांवर. एके सकाळी मी नर फुलं खुडली, पाकळ्या मागे सारून मादी फुलांवर पराग टेकवला आणि अशा प्रत्येक देठाला लाल दोरा बांधला. थोड्याच दिवसांत दोऱ्याची कारली हिरवीगार, बोटापेक्षा लांब. शेजारची बिनदोऱ्याची बहुतेक गळालेली. भाऊजींना मांडवात नेऊन दाखवलं तर म्हणाले, योगायोग आहे.

पुढच्या हंगामात बांधाकडेने तुळस आणि सूर्यफूल लावलं, कोथिंबिरीचा एक वाफा न उपटता फुलू दिला आणि फवारणी संध्याकाळवर नेली. तुळशीच्या मंजिऱ्यांवर फुलोरी आणि सातेरी जातीच्या मधमाश्या येऊ लागल्या, तिथून मांडवात. टॉनिक परत आणावं लागलं नाही. कोथिंबीर, बडीशेप, शेपूच्या फुलांवर मित्रकीटकही पोसतात, ते मावा आणि अळ्यांवर तुटून पडतात.

वांगी असतील तर कडेला ताग पेराच. वांग्याच्या फुलात मध नसतो. भुंगा फूल धरून गुणगुणला की परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग झडतो. साध्या मधमाशीला हे जमत नाही आणि तागाची पिवळी फुलं भुंग्यांना फार आवडतात.

झेंडूवरून तर भाऊजींशी अजून वाद आहे. "तुझ्या झेंडूनेच अळी आणली," म्हणतात. अहो, तो लावतात त्याचसाठी! फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं तर झेंडूचं 40 दिवसांचं, म्हणजे दोघांना फूल एकदमच येतं. मात्र त्या कळ्या वेचून नष्ट करायलाच हव्यात, नाहीतर भाऊजींचं म्हणणं खरं ठरेल. मधमाश्यांसाठी लावत असाल तर नर्सरीतला गच्च पाकळ्यांचा नको, एकेरी पाकळीचा गावठी घ्या.

तुमच्या घरच्यांना पटत नसेल तर वाद घालू नका, लाल दोरा बांधून दाखवा. तरीही योगायोग म्हणाले तर दुसऱ्या वेलावर परत बांधा.

फुलपाखरांबद्दल थोडक्यात. फुलांइतकीच त्यांना अंडी घालायला झाडं लागतात. लिंबू, कढीपत्ता, बांधावरची रुई ठेवा. कढीपत्त्यावरची हिरवी अळी मारू नका, ती भाजीवर जात नाही. घाणेरीवर फुलपाखरं पुष्कळ येतात, पण ती रानभर पसरते, मुद्दाम लावू नये.

आणि हे सगळं आमच्या जमिनीचं आणि पाटाच्या पाण्याचं सांगितलं. तुमची गच्चीवरची बाग असेल तर ताग-सूर्यफूल सोडा, तुळशीच्या दोन-तीन कुंड्या आणि एका कुंडीत फुलू दिलेली कोथिंबीर एवढ्यावर सुरुवात करा.