बॅटलशिपला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न अमळनेरच्या एका शिक्षिकेचा आहे. इंग्रजी उताऱ्यातल्या ‘आर्मर्ड बॅटलशिप’चं भाषांतर एका विद्यार्थ्यानं ‘आरमारी युद्धनौका’ असं केलं. ते चालेल का? तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसऱ्यानं विचारलं, ‘बाई, आते आसं जहाज शे का?’ (आता असं जहाज आहे का?) त्याचंही उत्तर त्यांना हवं आहे.

ताई, आधी शब्दाचं पाहू. ‘आरमारी’ चालणार नाही. आरमार म्हणजे लढाऊ जहाजांचा ताफा, आणि हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘आर्मादा’वरून आपल्याकडे आला. ‘आर्मर’शी त्याचं नातं आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी शस्त्रं या अर्थाचा लॅटिन ‘आर्मा’ आहे. पण एक शब्द ताफ्याकडे गेला आणि दुसरा अंगावरच्या लोखंडाकडे. मुलाचा कान तिखट आहे, गुण कापताना त्याला हे नक्की सांगा. ‘आर्मर्ड’ला मराठीत ‘चिलखती’ हा रुळलेला शब्द आहे. चिलखती गाडी आपण म्हणतोच.

खरी अडचण ‘युद्धनौका’ या शब्दात आहे. मराठी वर्तमानपत्रात आयएनएस विशाखापट्टणमही युद्धनौका, फ्रिगेट निलगिरीही युद्धनौका. ते बरोबरच आहे, कारण युद्धनौका म्हणजे लढाईसाठी बांधलेली कोणतीही नौका. चूक होते ती उलट्या भाषांतरात. युद्ध म्हणजे बॅटल, नौका म्हणजे शिप, असं जोडून मुलं विशाखापट्टणमला ‘बॅटलशिप’ करून टाकतात. ती विनाशिका, म्हणजे इंग्रजीत डिस्ट्रॉयर आहे.

इंग्रजी शब्दाची फोडही ‘लढाईचं जहाज’ अशी नाही. शिडांच्या काळात जहाजं एकामागे एक रांग धरून, शत्रूकडे कूस करून तोफा डागत. त्या रांगेत उभं राहून मार देण्याची आणि मार खाण्याची ताकद असलेलं जहाज ते ‘लाइन ऑफ बॅटल शिप’, आणि त्याचंच आखूड रूप बॅटलशिप. म्हणजे हे एका वर्गाचं नाव आहे. आपल्याकडेही असा भेद होता. मराठ्यांच्या आरमारात गुराब वेगळी, गलबत वेगळं, शिबाड वेगळं, आणि कोणी एकाला दुसरं म्हणत नसे. आज सगळ्यांना एकच शब्द लावायची सवय लागली आहे, आणि ती मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग नवा शब्द घडवावा का? ‘तोफनौका’ करू नका. तो गनबोटीचा, म्हणजे छोट्या नौकेचा शब्द आहे. ‘महायुद्धनौका’ केलं तर वाचणारा ते ‘महायुद्धातली नौका’ असं फोडतो. ‘चिलखती युद्धनौका’ जवळ जातं, पण क्रूझरलाही, म्हणजे बॅटलशिपपेक्षा लहान लढाऊ जहाजालाही, चिलखत असे. 1957मध्ये आपल्या नौदलात आलेली जुनी आयएनएस म्हैसूर कुशीला चिलखत असलेली क्रूझरच होती. भारताकडे बॅटलशिप कधीच नव्हती. म्हणून माझा कौल असा: नाव ‘बॅटलशिप’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘जाड चिलखताची, मोठ्या तोफांची युद्धनौका’ एवढा खुलासा जोडा.

आणि चिलखताला पत्रा म्हणू नका. 1860मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिशांच्या ‘वॉरियर’वर 114 मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटा होत्या आणि त्यांच्या मागे 18 इंच सागवान. गोळ्याचा धक्का लाकडानं पचवायचा, अशी ती रचना. पुढे लोखंडाच्या जागी सुधारलेलं पोलाद आलं. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या बॅटलशिपांच्या कुशीवरचा चिलखती पट्टा 307 मिमी, तर जपानच्या ‘यामातो’चा 410 मिमी. पोलादाचं वजन घनमीटरला सुमारे 7.85 टन. म्हणजे आयोवाच्या पट्ट्याचा एक चौरस मीटर तुकडाच जवळपास 2.4 टन भरतो. एवढं वजन जहाजभर लावलं तर ते खोल बसेल, आणि वरच्या मजल्यांवर चढवलं तर कलताना पुन्हा सरळ होणार नाही. म्हणून तोफा, दारूगोळा आणि इंजिनं एवढ्यांभोवती जाड पेटी बांधायची आणि बाकी भाग जवळपास उघडा ठेवायचा, ही रीत अमेरिकेनं 1916च्या ‘नेव्हाडा’पासून धरली.

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. उत्तर ‘नाही’ असं आहे. शेवटची कामावरची बॅटलशिप अमेरिकेची ‘मिसूरी’, ती 31 मार्च 1992 रोजी निवृत्त झाली. तिच्या आयोवा वर्गातल्या चारही आता संग्रहालयं आहेत.

कारण मुलांना धाब्याच्या घरावरून सांगा. बॅटलशिपची भिंत जाड, धाबं त्या मानानं पातळ. आयोवाचा पट्टा 307 मिमी, पण मुख्य चिलखती डेक साधारण 152 मिमी. समोरून येणारा गोळा भिंत अडवते. वरून पडणाऱ्याचं काय? 9 सप्टेंबर 1943 रोजी जर्मनांनी विमानातून सोडलेल्या ‘फ्रिट्झ-एक्स’ या रेडिओनं वळवता येणाऱ्या बॉम्बनं इटलीची ‘रोमा’ बुडवली. ती जेमतेम वर्षभरापूर्वी नौदलात आलेली, नवी कोरी बॅटलशिप होती. टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून येणारं स्फोटक अस्त्र, तर पायाशीच घाव घालतो. 7 एप्रिल 1945 रोजी ‘यामातो’ विमानांच्या टॉर्पेडो आणि बॉम्बनीच गेली. त्या शेवटच्या मोहिमेत तिच्या 46 सेंमी तोफांना समोर शत्रूचं जहाजच मिळालं नाही.

दुसरं कारण पल्ल्याचं. आयोवाची 406 मिमी तोफ 1,225 किलोचा गोळा सुमारे 38 किमी फेकायची. जळगावहून डागला तर तो भुसावळ ओलांडून वरणगावच्या आसपास पडेल. विशाखापट्टणमवरच्या ब्रह्मोसचा सुरुवातीचा जाहीर पल्ला 290 किमी, म्हणजे जळगावहून सरळ रेषेत सुरत. तोफेच्या टप्प्यात पोहोचेपर्यंत बॅटलशिपनं किती क्षेपणास्त्रं झेलायची?

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आजचं जहाज रडारवर लढतं, आणि रडार पोलादाच्या पेटीत ठेवता येत नाही. रेडिओलहरी त्यातून जात नाहीत. नोव्हेंबर 1942मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटाजवळ अमेरिकेच्या ‘साउथ डकोटा’ या बॅटलशिपची वीज गेली, वरच्या बांधकामावर गोळे बसून रडार निकामी झालं. ती बुडाली नाही, पण तिला लढाई सोडावी लागली. चिलखत शाबूत आणि जहाज आंधळं, अशी ती गत.

म्हणून आजची नौका मार खाण्यापेक्षा तो वाटेतच अडवते. विशाखापट्टणमवर त्यासाठी बराक-8 क्षेपणास्त्रं आणि एके-630 तोफा आहेत, तर मुख्य तोफ फक्त 76 मिमीची. तरी संरक्षण अगदीच संपलेलं नाही. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती किंवा मोक्याच्या कप्प्यांना ठिकऱ्या अडवण्यापुरतं हलकं कवच आजही देतात. त्याला ‘कवच’ म्हणा, ‘चिलखत’ हा शब्द जाड पट्ट्यासाठी राखून ठेवा.

एक नवा गोंधळ मुलांच्या वाचनात येईल. डिसेंबर 2025मध्ये अमेरिकेनं मोठ्या क्षेपणास्त्रवाहू जहाजांची घोषणा करताना त्यांना ‘बॅटलशिप’ म्हटलं. तिथं शब्द जुना आहे, भर मात्र क्षेपणास्त्रांवर. अशा बातमीचं भाषांतर करताना ‘चिलखती’ हे विशेषण आपल्या मनानं जोडू नये.

राहिलं व्याकरण. नौकेच्या चालीवर बॅटलशिप स्त्रीलिंगीच ठेवा: ती बॅटलशिप, तिचं चिलखत. अनेकवचन ‘ट्रिपा’सारखं ‘बॅटलशिपा’ करता येतं. विभक्तीत ‘बॅटलशिपला’, ‘बॅटलशिपवर’. त्याच वाक्यात पुढे ‘जहाज’ आलं तर क्रियापद नपुंसकलिंगी होतं. ‘ती बॅटलशिप बुडाली’, पण ‘ते जहाज बुडालं’. वह्या तपासताना सगळ्यांत जास्त लाल शाई इथंच लागेल.