सोमवारची दिल्ली

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा आलीस, अर्धा चहा तसाच ठेवलास, यादी माझ्या हातात कोंबलीस आणि "काका, बघा की जरा, 16 तास आहेत" म्हणून पळालीस. डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या, ते मी बघितलं. आजोबा गेल्यावर मंडळाची यात्रा तुझ्या अंगावर पडली आणि पहिल्याच फेरीला 44 माणसं. गोवा एक्स्प्रेसनं सकाळी सहाच्या सुमारास निजामुद्दीनला उतरायचं, रात्री दहाला जुन्या दिल्ली स्टेशनावरून हरिद्वारची गाडी धरायची. मध्ये तुझी आठ ठिकाणं.

आधी साधी गोष्ट. तू सोमवारी पोचतेस. लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेम्पल बंद. तीन ठिकाणं मी तोंड उघडायच्या आधीच गेली. मोबाईल हातात घेऊन बसता तुम्ही पोरं, एवढं बघायला काय झालं होतं?

आता तुझे 16 तास. दोन रात्री चालून आलेली गाडी, तीन तास उशीर धरायचाच. 44 जणांचं तोंड धुणं, संडास, चहा-नाष्टा, अडीच तास. तुला वाटेल जास्त सांगतोय. वेटिंग रूमच्या संडासापुढे आपल्या बायकांची रांग एकदा बघ, मग बोल. सामान चढवणं-उतरवणं एक तास. दोन जेवणं, दोन तास. दिल्लीचा ट्रॅफिक दीड. स्टेशनात दोन तास आधी हजर, त्यात एक मिनिट कमी नाही. झाले 12. उरले चार. चार तासांत चालत्या माणसांना एक ठिकाण दाखवता येतं. एकच ठिकाण, पोरी.

का म्हणून विचारशील. 2009 च्या नोव्हेंबरात मी 38 जण घेऊन गेलो होतो. तेव्हा माझीही यादी होती, पाच ठिकाणांची, शाई पेनानं लिहिलेली. राजघाट झालं, कुतुबमिनार झाला, दुपारी लाल किल्ला, मग चांदणी चौक. प्रत्येक ठिकाणी बसच्या दारात उभा राहून मी मोजत होतो. चांदणी चौकातून निघताना 38 भरले. बस सुटली. स्टेशनात परत मोजले तर 37. चांदणी चौकातला अडतिसावा कोण होता माहीत आहे? बसचा क्लीनर. पाठमोरा उभा होता, मोजला गेला.

हरवली होती ती खानापूर तालुक्यातली म्हातारी. हिंदीचा एक शब्द येत नव्हता. कुठली म्हणून विचारलं की "बेळगाव" म्हणायची, आणि चांदणी चौकात बेळगाव कुणाला माहीत? दुसऱ्याच कुठल्या तरी बायकांच्या नऊवारीसारख्या साड्या बघून त्यांच्या मागं सीसगंज गुरुद्वारात शिरली होती. रात्री अकराला सापडली. पायरीवर बसली होती, कुणीतरी चहा दिलेला, आणि मुठीत जोडे ठेवल्याचा पितळी बिल्ला घट्ट धरलेला. पायताण सोडवून आणायचंही तिला सुचलं नव्हतं. मला बघून रडली नाही. "मास्तर, गाडी गेली न्हवं माझ्यामुळं?" एवढंच म्हणाली. गाडी गेली होती. तिला मागं ठेवून एकही माणूस चढला नव्हता, म्हणून 38 तिकिटं गेली. ते पैसे मी दोन वर्षं पगारातून फेडले. पण त्याचं काही नाही. तो बिल्ला अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून एकच ठिकाण. माणूस ठिकाणावर हरवत नाही, चढताना-उतरताना हरवतो. आठ ठिकाणं म्हणजे सोळा चढउतार, आणि त्यात उतरलेली शेवटची बाई अजून चप्पल घालत असते तेव्हा पहिले चार जण फोटो काढून परत आलेले असतात. दिंडीत चोपदार उगीच असतो का? वीणेकरी पुढं बघतो, त्याला मागचं दिसत नाही. तू वीणेकरी होऊ नकोस. तुझी जागा सगळ्यांच्या मागं.

लोक बोलतील, हे मात्र ध्यानात ठेव. "दिल्लीला गेलो आणि लाल किल्ला बघितला न्हाई," असं एकानं शहापुरात दहा माणसांत सुनावलंय मला. पुढल्या यात्रेला दुसऱ्या मंडळाबरोबर गेला तो. जाऊ दे की. माझ्या गटातलं त्यानंतर एकही माणूस मागं राहिलं नाही. हट्टी म्हणतात मला, असेन.

तर कुठलं ठिकाण? तुझ्या यादीत सहाव्या नंबरावर वॉर मेमोरियल आहे, रांगेत भर म्हणून टाकलंस तू. ते धर. सोमवारी उघडं, तिकीट नाही, मोकळी जागा. तुझ्या गटात ती आजी आहे ना, जिचा दीर 71 च्या लढाईत गेला? स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं तिथं त्याग चक्राच्या भिंतींवर, ग्रॅनाइटच्या विटेविटेवर सोनेरी अक्षरांत आहेत. घरून रेजिमेंट आणि नाव नीट लिहून ने, म्हणजे शोधायला सोपं. 1922 पासून मराठा रेजिमेंटचं सेंटर आपल्या बेळगावच्या कॅम्पात आहे. येता-जाता परेड बघणारी माणसं आपण, आपल्या लोकांना तिथं काय बघायचं हे सांगावं लागणार नाही. आजीला त्या विटेवर बोट फिरवू दे. घाई करू नकोस. इंडिया गेट शेजारीच आहे, ते दिसेलच, वेगळं ठिकाण धरू नकोस.

दुपारी जेवायला बंगला साहिब गुरुद्वारा. हसू नकोस, ते दुसरं ठिकाण नाही, ते जेवण आहे. 44 जणांना एका पंगतीत, आधी न सांगता, एक पैसा न घेता कोण वाढतं? बायकांना पदर पुरतो, पुरुषांना उपरणं न्यायला सांग. मात्र जोडे ठेवायचे बिल्ले तुझ्या हातात ठेव. आपल्या माणसांच्या मुठीत नको.

बाकी पटकन. दिवसभर एकच बस धर, सामान डिक्कीत, म्हणजे दोन स्टेशनांचा घोळ मिटला. एक पोरगा बसजवळून हलणार नाही. प्रत्येकाला नंबर, आणि मोजायचं नाही, त्यांनी स्वतः ओरडायचं, एकपासून 44 पर्यंत. क्लीनर ओरडणार नाही. प्रत्येक बाईच्या बटव्यात हिंदीत लिहिलेली चिठ्ठी, तुझा फोन नंबर घालून.

यादी परत पाठवतोय. सात नावांवर काट मारली आहे.

तुझी काकू मघापासून शेजारी बसून वाचते आहे. चार वेळा माझ्याबरोबर दिल्लीला आली, लाल किल्ला चारही वेळा बसच्या काचेतून. विचारते आहे, पोरीला मंगळवारचं तिकीट मिळालं असतं तर?

मी म्हटलं, तरीही नाही. उठून आत गेली आहे.

तुझा,
काका