वाचकांचे प्रश्न: टाईमलाईन जमली हो, पण तारखांचं काय?

मागच्या अंकात टाईमलाईनजेएसबद्दल थोडं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाईट लॅबचं ते फुकट टूल, गूगल शीटमध्ये तारीख, मथळा, मजकूर, फोटोची लिंक भरायची की सरकणारी टाईमलाईन तयार. मला वाटलं दोन-चार जण "छान माहिती" म्हणतील आणि विषय संपेल, पण ठाणे-नवी मुंबईकरांनी एवढे प्रश्न पाठवलेत की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. गंमत म्हणजे टूल बहुतेकांना जमलंय, अडलंय सगळं तारखांपाशी.

ताई, आमच्या आईचा जन्म जुन्या वहीत "शके १८५०, फाल्गुन शुद्ध पंचमी" असा आहे. नातवानं ७८ मिळवून १९२८ टाकलं. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९२७ आहे. टाईमलाईनमध्ये काय घालू?
— एक निवृत्त आजोबा, नौपाडा

आजोबा, आधी दाखला बाजूला ठेवा. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं वय धरून तारीख ठोकून दिली. वहीतली तिथी जास्त भरवशाची, कारण ती त्या वेळी कोणीतरी मुद्दाम लिहून ठेवलीय.

आता नातवाचा हिशोब. शक पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत, त्यामुळे चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत शकात ७८ मिळवायचे पण जानेवारी लागला की पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. फाल्गुन तर वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे शके १८५० चा फाल्गुन १९२९ मध्ये येतो, १९२८ मध्ये नाही. पटत नसेल तर शिवजयंतीवर ताळा करून बघा, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, १५५१ मध्ये ७९ मिळवा, १६३०. बरोबर ना? आणि ती १९ फेब्रुवारी १६३० पण जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरनं मोजलं तर १ मार्च होते, हे नातवाला सांगा, त्याला असले प्रकार आवडतील असं पत्रावरून वाटलं.

शीटमध्ये इयरच्या कॉलममध्ये १९२९, मंथमध्ये ३ टाका (आईंच्या वर्षी अधिक महिना होता त्यामुळे फाल्गुन मार्चात गेला), दिवस पक्का होईपर्यंत डे रिकामा सोडा, टूलला नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना चालतो. आणि मग डिस्प्ले डेट नावाचा जो कॉलम आहे, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, त्यात "फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५०" असं जसंच्या तसं लिहा. टूल जागा ठरवतं आकड्यावरून पण वाचणाऱ्याला दिसते तिथी. माझ्या मते मराठी घरांसाठी या टूलमधला सगळ्यात कामाचा कॉलम हाच. "१९५० च्या आसपास", "फाळणीनंतर लगेच", "थोरलीच्या लग्नाआधी", जे खरं माहीत आहे तेवढंच लिहिता येतं, उगाच १ जानेवारी ठोकायला लागत नाही.

एक सूचना सगळ्यांनाच. इयर, मंथ, डे या कॉलममध्ये देवनागरी आकडे टाकू नका, टूलला ते आकडे म्हणून कळतच नाहीत आणि टाईमलाईन उघडायची बंद होते. तिथे इंग्रजी आकडे, बाकी मथळा, मजकूर, डिस्प्ले डेट सगळं मराठीत बिनधास्त.

आठवीच्या मुलांकडून "आपली नवी मुंबई" असा प्रोजेक्ट करून घेतेय. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं तिथपासून विमानतळापर्यंत ४५ घटना झाल्यात. सगळ्या एकावर एक येतायत, मुलं पण कंटाळली.
— एक शिक्षिका, ऐरोली

मॅडम, मुलं कंटाळली ते बरोबरच आहे. शीटमधली एक नोंद म्हणजे एक स्लाईड, आणि नाईट लॅबवाले स्वतःच सांगतात की २० च्या वर स्लाईड नकोत, पुढे कोणी क्लिक करत नाही. आणि गर्दी होण्याचं कारण तुमचं १७३७. तो एक टोकाचा दिवस धरला की पट्टी जवळपास ३०० वर्षांची होते आणि तुमच्या खऱ्या गोष्टी, ज्या १९७० नंतरच्या आहेत, त्या उजवीकडच्या कोपऱ्यात लोकल गाडीच्या चौथ्या सीटसारख्या दाटीवाटीनं बसतात. दोन टाईमलाईन करा. जुनं ठाणं वेगळं, त्यात १७३७, मग १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी, १८६३ ची ठाणे नगरपालिका, एवढं पुरे. नवी मुंबई १९७० पासून, ती वसवणारी सरकारी कंपनी सिडको त्या वर्षी १७ मार्चला झाली.

मग ग्रुपचा कॉलम वापरा. एका घटनेपुढे "रेल्वे", दुसरीपुढे "पूल आणि रस्ते", तिसरीपुढे "कारभार" असं लिहिलं की खाली वेगवेगळ्या रांगा पडतात. रेल्वेच्या रांगेत १९९२ ला वाशी, २००४ ला ठाणे-वाशी, २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो. पुलांच्या रांगेत १९७३ चा पहिला खाडीपूल. आणि मग मुलांना १२ जानेवारी २०२४ वर थांबवा, त्या एकाच दिवशी अटल सेतू पुलांच्या रांगेत येतो आणि उरणपर्यंतची लोकल रेल्वेच्या रांगेत. असं का असेल असं विचारा, आठवीतली मुलं बरोबर उत्तर देतात, निवडणूक कधी होती तेही सांगतात.

तुम्ही पत्रात ओझरतं विचारलंय की विमानतळाची कुठली तारीख घ्यायची. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, विमानं उडायला लागली २५ डिसेंबरला. कुठलीही घ्या पण मग सगळ्या पट्टीला तोच नियम लावा, नाहीतर मेट्रोची प्रवासी सुरू झाल्याची तारीख आणि विमानतळाची फीत कापल्याची, अशी खिचडी होते. मी तरी प्रत्यक्ष सुरू झाल्याचीच घेईन. आपल्याकडे भूमिपूजन, लोकार्पण आणि खरंच सुरू होणं यात किती वर्षं जाऊ शकतात ते तुम्हाला सांगायला नको.

सिडको येऊन शहर उभं राहत होतं तो काळ पट्टा म्हणून दाखवायचा असेल तर टाईपच्या कॉलममध्ये इंग्रजीत इरा लिहा आणि सुरुवात-शेवट दोन्ही वर्षं द्या, मागे रंगीत पट्टा येतो. त्याला स्लाईड नसते, नुसतं नाव दिसतं, म्हणून त्यात लांब मजकूर लिहीत बसू नका, वाया जातो.

घणसोली गावठाणातला आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गावाचा इतिहास गोळा करून टाईमलाईन करायचीय. पण कोणालाच साल आठवत नाही. "पूल झाला तेव्हा", "गोळीबाराच्या वर्षी" असंच सांगतात. कसं करू?

भाऊ, साल आठवत नाही असं नाही, तुम्ही विचारताय तसं आठवत नाही. त्यांनी दिलेली उत्तरं तारखाच आहेत, फक्त त्या आकड्यात नाहीत. तुम्ही आधी पट्टीवर खुंट्या ठोकून घ्या. सिडको १९७०. खाडीपूल १९७३. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं जासईच्या शेतकऱ्यांचं जमिनीसाठीचं आंदोलन १६ आणि १७ जानेवारी १९८४, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, बहुतेक "गोळीबाराचं वर्ष" तेच. न्हावाशेवा बंदर १९८९. वाशीला लोकल १९९२. २६ जुलै २००५. मग ज्यांच्याशी बोलाल त्यांना साल विचारूच नका, विचारा की आजी, मिठागरं बंद झाली तेव्हा पूल होता का? लग्न होऊन आलात तेव्हा जमीन घरची होती की गेली होती? दि. बा. पाटलांच्या मोर्चाला गेला होता तेव्हा पोरगं केवढं होतं, कडेवर की शाळेत? दोन खुंट्यांच्या मध्ये कुठे ते कळलं की तुमचं काम झालं, बऱ्याचदा दोन-तीन वर्षांपर्यंत येता येतं. इयरमध्ये अंदाजाचं वर्ष, डिस्प्ले डेटमध्ये "पूल झाल्यावर, गोळीबाराच्या आधी". त्यांचेच शब्द ठेवा, सुधारू नका, आगरी बोलतायत तर आगरीच लिहा.

दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा, खाली कोण सांगतंय ते लिहून. जमिनीच्या बाबतीत तर सांगणारे वेगवेगळं सांगणारच, कोणाला घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, कोणाची फाईल अजून फिरतेय.

आवाज रेकॉर्ड करणार असाल तर साऊंडक्लाऊडवर टाकून त्याची लिंक मीडियाच्या कॉलममध्ये दिली की स्लाईडवरच वाजते. टाकण्यापूर्वी माणसाला एकदा पूर्ण ऐकवा आणि मग विचारा टाकू का म्हणून, बोलण्याच्या भरात भावकीबद्दल बरंच काही निघून जातं! आणि गोष्टी काळापेक्षा जागेच्या असतील, म्हणजे इथे बंदर होतं, इथे खळं, इथे जत्रा भरायची, तर त्याच लॅबचं स्टोरीमॅपजेएस बघा, त्यात पट्टीऐवजी नकाशा सरकतो.

एमपीएससी करतेय, टाईमलाईननं पाठांतर होईल का? आधुनिक भारताच्या ३०० नोंदी टाकल्यात.
— ठाणे पूर्व

बघून होणार नाही, बनवून होईल. ३०० ची एक पट्टी मोडा आणि एकेक दशक घ्या, समाजसुधारक, काँग्रेस, महाराष्ट्र असे ग्रुप करा आणि उभं वाचा, आडवं नाही. १८९३ घे. टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव, विवेकानंद शिकागोत, गांधीजी दक्षिण आफ्रिकेत ट्रेनमधून बाहेर, आणि आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, सगळं एका वर्षात. पुस्तकात हे चार वेगवेगळ्या ठिकाणी असतं म्हणून कधी एकत्र लक्षात येत नाही.

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सात-आठ वर्षं रखडलंय. दर जीबीला (सर्वसाधारण सभेला) तीच भांडणं, कोण कधी काय बोललं. टाईमलाईन केली तर वेबसाईटवर टाकू का?
— सेक्रेटरी, नेरूळ

करा जरूर, टाकू नका. या टूलला शीट "पब्लिश टू वेब" करावी लागते, म्हणजे लिंक ज्याच्या हातात तो बघणार, आणि सोसायटीच्या ग्रुपवर गेलेली लिंक दुसऱ्या दिवशी डेव्हलपरकडे असते हे मी सांगायला नको. थकबाकीदारांची नावं, कोणी सही दिली नाही वगैरे तर अजिबातच नको. तुमच्यासाठी साधी शीटच बरी, मेंबरपुरती शेअर केलेली, तारीख, ठराव क्रमांक, मिनिट्सचं पान. जे कागदावर नाही ते शीटमध्ये नाही, एवढा एक नियम पाळलात तरी अर्धी जीबी वाचेल.

नावं वगळून नुसता प्रक्रियेचा प्रवास मेंबरांना दाखवायचा असेल, स्ट्रक्चरल ऑडिट कधी, टेंडर कधी, तर टूल वापरा, आणि सेटिंगमध्ये शेवटच्या स्लाईडपासून सुरू करायचा पर्याय आहे तो टिक करा. लोकांना पहिल्यांदा आज कुठे आहोत तेच बघायचं असतं.

सासूबाईंचे रिपोर्ट, औषधं, ॲडमिट झाल्याच्या तारखा, दर वेळी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगावं लागतं. टाईमलाईन टूलमध्ये टाकलं तर मोबाईलवर दाखवता येईल ना?
— खारघर

येईल, पण हेही वरच्याच कारणासाठी वेबवर नको. आणि खरं सांगू का, ओपीडीत डॉक्टरांना स्लाईड सरकवायला वेळ नसतो. एक पान प्रिंट काढा, सगळ्यात नवीन वर, डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, आणि औषध सुरू केल्याची तारीख लिहिताना बंद केल्याची पण लिहा, ती सगळे विसरतात. ॲलर्जी असेल तर सगळ्यात वर लाल पेननं.

फोटो दिसतच नाहीत! आणि शीट बदलली तरी टाईमलाईन तीच. — कळवा, वाशी, कोपरखैरणे आणि अजून बरेच

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे लिंक नाही, तो आधी कुठेतरी अपलोड करावा लागतो आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवावा लागतो. तपासायचं असेल तर लिंक इन्कॉग्निटोमध्ये (ब्राऊझरच्या खासगी खिडकीत) उघडा, तुमचं लॉगिन नसताना दिसला तरच टाईमलाईनमध्ये दिसेल. शीट बदलल्यावर थोडी मिनिटं जाऊ द्या आणि पान रिफ्रेश करा. तरी नाही झालं तर चार गोष्टी बघा: वरची हेडिंगची ओळ कोणी मराठीत "सुधारली" तर नाही ना, मध्ये रिकामी ओळ सुटलीय का, नोंदी फाईलच्या पहिल्याच शीटमध्ये आहेत ना, आणि पब्लिश करताना खिडकीत आलेली लिंक चिकटवली असेल तर ती काढून ब्राऊझरच्या वरच्या पट्टीतली टाका. कळव्याच्या तिघांचं हेच शेवटचं झालं होतं.