वहिनी गेल्यापासून दादा पितोय

एका ताईंनी विचारलंय, "वहिनीला जाऊन आठ महिने झाले. दादा रोज पितो. घरचे म्हणतात, दुःख मोठं आहे, पिऊ दे बिचाऱ्याला, सावरेल आपोआप. किती दिवस वाट बघायची?"

ताई, वाट बघू नका. इतकं ठामपणे का सांगतेय, ते एका गृहस्थांमुळे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्यांना रस्त्यावरून आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणलं होतं. केसांच्या जटा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. संमतीचा फॉर्म पुढे केला. हात लटपटत होते, तरी त्यांनी ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाले, "मॅडम, तारीख चुकलीय. मागचा महिना पडलाय." मग एक लफ्फेदार सही सुरू केली. ती मध्येच तुटली. बराच वेळ ते त्या तुटलेल्या सहीकडे बघत राहिले.

एकेकाळी चाळीस माणसं त्यांच्या हाताखाली होती. एकुलती एक लेक अपघातात गेली आणि झोप उडाली. झोपेसाठी म्हणून पहिला पेला. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते, आणि त्या वेळी आठवणींना कुणी अडवत नाही. मग पुन्हा एक घोट. पुढे हातांचा कंप थांबवायला सकाळीही. उधारी, भागीदारांशी भांडणं, घर विकणं हे सगळं तीन वर्षांत. नंतर गावोगाव भटकणं. "एका जागी बसलं की ती आठवते," म्हणाले.

त्यांच्या दारूवरून सगळेच बोलले होते. लेकीचं नाव मात्र घरात कुणी काढत नसे, त्यांना त्रास नको म्हणून! मला याचं फार वाईट वाटतं.

एकदा त्यांनी स्वतःच्या बळावर एकदम सोडली होती. दुसऱ्याच दिवशी फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. जिवावरही बेततं. आमच्याकडे डॉक्टरांनी औषधं आणि बी१ जीवनसत्त्व देऊन ते दिवस पार पाडले. मग लेकीबद्दल बोलणं सुरू झालं. तिच्या वाढदिवसाला ते पुन्हा प्यायले. चौथ्या दिवशी आपल्या पायांनी परत आले. व्यसनमुक्तीच्या वाटेवर असं घडतं, तेवढ्यावरून आम्ही कुणाला परत पाठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, लांबलेल्या शोकाला विकार म्हणून स्थान आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र दुःख राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर त्यावर उपचार घ्यायचे असतात. दारूसाठी तर तेवढंही थांबायचं नाही. दोन्हींचे उपचार एकत्र व्हायला हवेत.

दादाचे हात सकाळी थरथरतात का, ते बघा. थरथरत असतील तर बाटल्या ओतून देऊ नका, आधी डॉक्टरांकडे न्या. आणि आज त्याच्याजवळ बसाल, तेव्हा किती प्यायलास हे विचारण्याआधी वहिनीची एखादी आठवण काढा.