बूट-बॅगांच्या ब्रँडसाठी जंगलात फिल्म करतोय, गोष्ट 'खरी' वाटावी म्हणून काय करू?

तुमच्या प्रश्नातला 'वाटावी' हा शब्द खटकला, म्हणून लिहायला बसलो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला. शहरातून शूटिंगला येणाऱ्यांना गावं दाखवणं, माणसं जोडून देणं, गाडी-जेवणाचं बघणं हे काम मी सहा वर्षं केलं. चार वर्षांपूर्वी अशीच एका बूटवाल्या कंपनीची टीम आली. तीन मिनिटांची फिल्म, विषय जंगलावर जगणाऱ्या बाया. मोहाची फुलं वेचताना दाखवायचं होतं, आणि आले जानेवारीत. मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, हे मी फोनवरच सांगितलं होतं. तर त्यांनी दुकानातून दहा किलो वाळलेली मोहफुलं आणून आमच्या झाडाखाली पसरली.

झाडावरून नुकतं पडलेलं फूल पिवळट पांढरं असतं, रसानं टम्म, बोटाला चिकटणारं. वाळलं की तपकिरी होतं, मनुक्यासारखं सुरकुततं. शिवाय मोह गळायच्या दिवसांत झाडावर पानं जवळजवळ नसतातच. इथे वर गच्च पानं आणि खाली वाळली फुलं. माझ्या मायला नवी कोरी नऊवारी नेसवली, सकाळी नऊला ऊन छान पडतं म्हणून तेव्हा वाकायला लावलं. मी दिग्दर्शकाला म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "दादा, कोणाला कळणार आहे?"

त्याहून जास्त लागलं ते आवाजाचं. हंगामात बाया पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्याच फुलांसाठी अस्वल येतं, आणि आमच्या भागात वाघही आहे. म्हणून खाली मान घालून वेचताना या झाडाखालून त्या झाडाखाली सारख्या हाका चालू असतात. एकीचा ओ आला नाही की बाकीच्या काम टाकून उठतात. शूटिंगच्या दिवशी माय सवयीनं हाक मारत होती. तिला दोनदा गप्प केलं. फिल्ममध्ये त्या जागी बासरी आहे. ती हाकच गोष्ट होती हो!

फिल्म आल्यावर मायनं मोबाईलवर पाहिली आणि एवढंच विचारलं, "वाळला मोहा झाडाखाली कोनं टाकला रे?" गावातल्या बायांनी तिला आठवडाभर तेच विचारलं. त्यानंतर ती कुठल्याच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही.

आता तुमचं. आधी हंगाम विचारा, मग तारखा ठरवा. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा बॅगेतच राहू द्या. आवाजाच्या माणसाला कॅमेऱ्याआधी आणा. बाईची वेचणी बुडाली तर तिच्या दिवसाचे पैसे द्या. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, त्याच बायांना दाखवा, चूक पहिल्या मिनिटात सापडेल.

पॅटागोनिया या अमेरिकन कपडे कंपनीचं उदाहरण सगळे देतात. 'हे जॅकेट विकत घेऊ नका' ही त्यांची 2011 मधली जाहिरात लोकांना पाठ आहे. पण त्यांनी आपले सगळे सुती कपडे सेंद्रिय, म्हणजे रासायनिक फवारणीशिवाय पिकवलेल्या कापसावर आणले ते 1996 मध्ये, म्हणजे जाहिरातीच्या 15 वर्षं आधी. 2017 मध्ये यवतमाळात कापसावरच्या फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. म्हणून आम्हा विदर्भातल्यांना जाहिरातीपेक्षा 1996 मोठं वाटतं. तुमच्या ब्रँडनं काही केलं असेल तर तेच दाखवा. नसेल तर बुटाचा तळवा दाखवा, तेही प्रामाणिक काम आहे.

एक राहिलं. रोजचं काम कॅमेऱ्यासाठी परत करून दाखवण्यात पाप आहे असं माझं म्हणणं नाही. वाघ फिरत असेल तर पहाटे दिवे घेऊन कोणीच जाऊ नये. उजाडल्यावर करून घ्या, पण हंगामात, ताज्या फुलांवर, आणि फिल्ममध्ये तसं लिहा. वनविभागाची परवानगी तर लागेलच.

आणि 'कोणाला कळणार' म्हणणाऱ्यांना माझं अजून तेच उत्तर आहे. आमची पोरं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावतात. बूट तीही घेतात. त्यांना पहिल्याच शॉटला कळलं.

मार्चच्या मध्यावर येत असाल तर कळवा. मायला विचारून बघीन. नाही म्हणाली तर मात्र मी आग्रह करणार नाही.