मेंदूतल्या ‘रिवॉर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मेंदूविज्ञानावरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स रिवॉर्डची व्हॅल्यू ठरवतो आणि त्यानुसार बिहेव्हियर बदलतो’ या वाक्यापाशी गाडी अडली आहे. रिवॉर्डला बक्षीस म्हणावं, पारितोषिक की पुरस्कार? आणि त्या लांबलचक नावाचं काय करावं?

नावाचा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी. यातल्या ‘ऑर्बिट’चा ग्रहांच्या कक्षेशी संबंध नाही, तेव्हा ‘कक्षीय’ अजिबात लिहू नका. इथे ऑर्बिट म्हणजे डोळ्याची खोबण. कपाळामागचा मेंदू खालच्या अंगाने जिथे या खोबणींच्या छतावर टेकतो, तिथलं हे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स. शरीरशास्त्राच्या मराठीत ‘नेत्रकोटर’ आहे, ‘ललाट’ आहे. पण ‘नेत्रकोटर-ललाट बाह्यक’ हा समास शाळकरी वाचकाला पहिल्याच ओळीत पळवून लावेल. मी एकदा ‘डोळ्यांच्या खोबणींवर टेकलेला मेंदूचा भाग’ अशी ओळख करून देईन आणि पुढे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स असंच लिहीन.

आता रिवॉर्ड. ‘पुरस्कार’ म्हटलं की शाल-श्रीफळ आठवतं, तो बाद. ‘मोबदल्या’त आधी काहीतरी केल्याचा हिशेब आहे, पण वाऱ्यावर आलेल्या वासाने तोंडाला पाणी सुटतं तेव्हा आपण काहीच केलेलं नसतं. ‘पारितोषिक’ मला मनापासून आवडतो, कारण त्यात परितोष आहे, तृप्ती आहे. दुर्दैवाने स्पर्धांनी तो पुरता ताब्यात घेतला. उरतं फारसीतून आलेलं ‘बक्षीस’. त्यात देणारा हात गृहीत आहे. प्रयोगशाळेत माकडाला रसाचा थेंब मिळतो, तो कुणीतरी दिलेला असतो. तिथे बक्षीस चपखल बसतं.

पण तुमच्या वाक्यात त्या थेंबाबद्दल काही म्हटलेलं नाही, त्याच्या ‘व्हॅल्यू’बद्दल म्हटलंय. मेंदूशास्त्रज्ञ एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. माकडाला ग्लुकोजचं गोड पाणी पोट भरेपर्यंत पाजलं. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समधल्या ज्या पेशी आधी त्या चवीला जोरात प्रतिसाद देत होत्या, त्या हळूहळू शांत झाल्या. दुसऱ्या, न पाजलेल्या पदार्थाला मात्र त्या अजूनही प्रतिसाद देत होत्या. चवीची पहिली नोंद घेणाऱ्या बाह्यकातल्या पेशी मात्र, त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगांत, पोट भरल्यावरही तशाच चालू राहिल्या. म्हणजे गोडवा तोच, थेंब तोच, देणाराही तोच; फक्त त्या प्राण्याच्या लेखी त्याचं काही उरलं नाही. आपल्याकडे हे चार शब्दांत सांगून ठेवलंय: भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

हे जे ‘काही’ कमीजास्त होतं, त्यासाठी माझा शब्द आहे ‘मोल’. ‘किंमत’ दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेली असते, गिऱ्हाईक बदललं तरी ती बदलत नाही. ‘मूल्य’ अलीकडे नीतीकडे झुकलंय. शाळेत मूल्यशिक्षण असतं. मोल हे त्या मूल्याचंच घरात रुळलेलं रूप. उन्हाळ्यात पाण्याचं मोल कळतं, एखादी वस्तू मातीमोल होते, एखादी अनमोल ठरते. चढउतार आणि ‘कुणासाठी’ हा प्रश्न, दोन्ही या शब्दात आधीपासून आहेत.

कामिलो पाडोआ-स्किओप्पा आणि जॉन असाद यांनी 2006 मध्ये नेमकं हेच दाखवलं. माकडापुढे दोन रस ठेवायचे, एक जास्त आवडीचा आणि एक कमी. थेंबांची संख्या बदलत राहायची. आवडीच्या रसाचा एक थेंब सोडायला दुसऱ्याचे किती थेंब लागतात, हे माकडाच्या निवडीवरून कळतं. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समधल्या काही पेशींचा प्रतिसाद या मोलाच्या प्रमाणात चढत-उतरत होता. रस डावीकडे आहे की उजवीकडे, याचा त्यांना फरक पडत नव्हता. दोन वेगळ्या वस्तू एकाच मापाने तोलल्या जात होत्या.

मग वर्तन कुठे येतं? 1999 मध्ये मिशेला गॅलाघर यांच्या गटाने उंदरांना शिकवलं की दिवा लागला की खाणं येतं. नंतर त्या खाण्याची सांगड पोट बिघडवणाऱ्या द्रव्याशी घातली. साधे उंदीर दिवा लागला तरी खाण्याच्या जागेकडे कमी जाऊ लागले. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सला इजा केलेले उंदीर ते खाणं टाळू लागले, पण दिवा लागताच जायचे ते जातच राहिले. माणसांतही याच्या जवळचं दृश्य दिसतं. आयोवातल्या बेचारा-दमासिओ गटाच्या पत्त्यांच्या खेळात चार गड्ड्या असतात. दोन गड्ड्या दर पानाला 100 डॉलर देतात पण शेवटी बुडवतात. दोन 50 देतात आणि तारतात. या भागाच्या मधल्या बाजूला आणि त्याच्या शेजारी इजा झालेल्या काही रुग्णांना कोणत्या गड्ड्या वाईट ते सांगता येत होतं, तरी ते पानं तिथलीच उचलत होते. कळतं पण वळत नाही, ही तक्रार आपण उठसूट कुणाबद्दलही करतो. या रुग्णांच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे आणि तिच्यात त्यांचा दोष नाही.

जुन्या लेखांत या भागाला ‘मनावर आवर घालणारं केंद्र’ म्हटलेलं आढळेल. ते जसंच्या तसं घेऊ नका. पीटर रूडबेक, एलिझाबेथ मरे आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये माकडांमध्ये जवळून जाणारे तंतू शाबूत ठेवून फक्त इथल्या पेशी नष्ट केल्या. बक्षीस एका वस्तूऐवजी दुसरीला मिळू लागलं तर जुनी सवय आवरून नवी वस्तू निवडायला शिकणं त्या माकडांना जमलं. पोट भरलेल्या पदार्थाचं मोल उतरलंय हे ओळखून निवड बदलणं मात्र जमलं नाही.

‘बिहेव्हियर’ला वर्तन म्हणा. ‘वागणूक’ म्हटलं की लगेच चांगली की वाईट हा निवाडा येतो. आणि परिणाम गोडही असू शकतो, कडूही असू शकतो, अशा जागी ‘फळ’ वापरा, त्यात दोन्ही मावतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘समोरच्या गोष्टीचं आत्ता, आपल्यासाठी काय मोल आहे हे ठरवण्यात ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो, आणि ते मोल बदललं की वर्तनही बदलतं.’ मूळ ‘ठरवतो’ मी मुद्दाम सौम्य केलंय, कारण हे काम हा भाग एकट्याने करत नाही. भावनांशी जोडलेला अमिग्डाला हा मेंदूचा भाग आणि डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशीही त्यात असतात.