‘लाचार’ची व्युत्पत्ती लावताना
लाच घेणारा तो लाचार, ही तुम्ही मांडलेली व्युत्पत्ती आकर्षक असली तरी सोडून द्यावी. ‘लाच’ संस्कृत ‘लञ्चा’वरून आला आहे, ‘लाचार’मध्ये मात्र अरबी ‘ला’ (नाही) आणि फारसी ‘चारा’ (उपाय) हे घटक आहेत. ‘दुसरा चारा नाही’ यातला चारा हाच, गुरांचा नव्हे. मूळचा ‘निरुपाय’ हा अर्थ मुंबईत सतत कानांवर पडणाऱ्या हिंदीत टिकून आहे, पण मराठीत निरुपाय झालेला माणूस लाळघोटा ठरला आणि, काहीसे निष्ठुरपणे, परिस्थितीचा दोष त्याच्या स्वभावाला चिकटला. ‘मिंधा’ उपकाराने दबलेला असतो, ‘ओशाळा’ संकोचलेला. या दोघांची ‘लाचार’शी सरमिसळ टाळावी. तर्क लढवण्यापूर्वी मुंबईतच छापलेली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ची आवृत्ती उघडावी.